घरोघरी नवजात बाळसेवा

दवाखान्यात न नेता आजारी नवजात बाळाला गावातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची, गडचिरोली जिल्ह्यात घडलेली उपचारपद्धती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती १९९५ पासून ३९ गावांत राबवली; तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती.

जंतुदोष झालेले बाळ काही तासांत हातचे जाऊ शकते. पण बाळंतिणीने पहिले दिवस घराबाहेर पडायचे नाही हा रिवाज, त्यात लांबचा रस्ता आणि खर्च. त्यामुळे ‘दवाखान्यात न्या’ असे सांगूनही घरचे नेत नसत. अशा बाळांसाठी गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत म्हणून तयार केली गेली. ती ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन, ताप आणि श्वास मोजते. बाळाचे रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे कमी होणे किंवा थांबणे, अंग ढिले पडणे, अंग गार लागणे किंवा ताप येणे, पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे या खुणा ती तपासते. यांतल्या किमान दोन एकाच वेळी दिसल्या की जंतुदोष धरायचा. मग आईवडिलांच्या संमतीने मांडीत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल हे दुसरे प्रतिजैविक. जेंटामायसिन मूत्रपिंड व कानांना अपाय करू शकते, म्हणून मात्रा वजनावरून काटेकोर ठरवावी लागते. सुई टोचणे त्या मानाने सोपे; बाळ बिघडते आहे हे वेळेत ओळखणे हीच या कामातली खरी विद्या, आणि ती रोजच्या ओळखीच्या घरात जाणाऱ्या बाईलाच साधते.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. अर्थात या घसरणीत स्तनपान, ऊब आणि कमी वजनाच्या बाळांची काळजी यांचाही वाटा आहे. सारे श्रेय इंजेक्शनला देणे बरोबर नाही.

२०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत घरभेटी देशभर सुरू केल्या. मात्र इंजेक्शन त्यांच्याकडे दिले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक परिस्थितीत, म्हणजे मुख्यतः घरचे बाळाला दवाखान्यात न्यायला तयार नसतील तेव्हा, आरोग्यसेविकेला (एएनएम) जेंटामायसिन देण्याची मुभा दिली. आजार ओळखणारी आशा गावात आणि सुई देणारी नर्सबाई उपकेंद्रात, हे अंतर गडचिरोलीच्या मूळ पद्धतीत नव्हते.