यारदांग

एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या वाऱ्याने घट्ट गाळ किंवा मऊ खडक कोरल्यामुळे वाळवंटात तयार होणारी लांबट टेकडी. पालथ्या घातलेल्या होडीसारखी ती दिसते. वाऱ्याकडचे टोक उंच, बोथट आणि उभ्या चढणीचे असते. मागचा भाग निमुळता होत जमिनीला मिळतो. शब्द उइगुर भाषेतला आहे. ‘यार’ म्हणजे उभा काठ. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन यांनी मध्य आशियातील लोप नोर या आटलेल्या सरोवराच्या परिसरात असे वरंबे पाहिले आणि १९०३ च्या सुमारास त्यांच्या लेखनातून हे नाव भूगोलात रूढ झाले.

यारदांगाची सुरुवात बहुधा पाण्यापासून होते, हे विसरले जाते. क्वचित पडणाऱ्या पावसाने घळी पडतात, वाळलेल्या चिखलाला भेगा जातात. यातल्या ज्या घळी वाऱ्याच्या दिशेत असतात, त्यांत वारा कोंडून वेगाने वाहतो आणि त्या रुंदावत जातात. मधला भाग उरतो तो यारदांग.

नुसत्या वाऱ्याला खडक कापता येत नाही. तो सुटी माती उडवून नेतो (अपवहन). घासण्याचे काम त्याच्याबरोबरची वाळू करते (अपघर्षण). वाळूचा कण फार वर जात नाही. तो उडी घेतो, खाली आपटतो आणि त्या धक्क्याने दुसरे कण उडवतो. ही क्रिया ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटातील निरीक्षणे आणि प्रयोगशाळेतील वातबोगदा यांच्या आधारे १९४१ च्या ग्रंथात उलगडून दाखवली. बहुतेक कण जमिनीपासून मीटरभराच्या आतच राहतात, म्हणून मारा पायथ्यावर होतो. शाळेच्या पुस्तकातला भूछत्र खडक याच कारणाने बुडाशी बारीक असतो. यारदांगाच्या तोंडाशीही अशीच खोबण पडते, वरचा भाग आधार सुटून कोसळतो आणि त्याचा चुरा वारा घेऊन जातो.

कॅलिफोर्नियातील रॉजर्स या कोरड्या सरोवरातील लहान यारदांगांची तोंडे वर्षाला सुमारे २ सेंमी. झिजतात, बाजू मात्र अर्धा सेंमी. एवढ्याच. लांबी रुंदीच्या साधारण चौपट असली की वाऱ्याला होणारा अडथळा सर्वांत कमी असतो. झिजता झिजता लहान यारदांग त्या आकाराकडे सरकतात.

सर्वांत भव्य यारदांग इराणच्या लूत वाळवंटात आहेत. तिथे त्यांना ‘कलूत’ म्हणतात. काही वरंबे १५५ मी.पर्यंत उंच असून त्यांच्या रांगा ४० किमी.हून अधिक अंतर सलग दिसतात. जून ते ऑक्टोबर या काळात जोरदार वारे या प्रदेशावरून वाहतात. मात्र वरंब्यांच्या कडांवर पावसाच्या ओघळांच्या खुणाही स्पष्ट आहेत, त्यामुळे सगळे श्रेय वाऱ्याला देणे बरोबर नाही. याच वाळवंटाच्या पूर्व भागात वाळूच्या टेकड्या साचल्या आहेत आणि त्यांतील काही ४०० मी.हून उंच आहेत. २०१६ मध्ये लूतचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.