कोणत्या मुलाला स्थूल म्हणायचे: एका सीमारेषेची पार्श्वभूमी

बालपणीची स्थूलता आणि उतारवयातील आरोग्य या विषयांवर भारतात आज एकत्रितपणे जो विचार होतो, त्याची मुळे कमी वजनाच्या बाळांच्या अभ्यासात आहेत. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून जपून ठेवलेल्या जन्मनोंदींच्या आधारे १९८० च्या दशकात असे मांडले गेले की जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात हृदयविकाराचा धोका अधिक असतो. म्हैसूरमधील एका मिशनरी रुग्णालयातही १९३४ पासूनच्या जन्मनोंदी सुस्थितीत सापडल्या. त्यांत हृदयविकाराचे चित्र इंग्लंडसारखेच दिसले, पण मधुमेह मात्र जन्मतः लांबीने आखूड आणि त्या मानाने जाड असलेल्यांमध्ये अधिक आढळला. या विसंगतीमुळे भारतीय संशोधकांचे लक्ष केवळ वजनाकडून शरीराच्या घडणीकडे वळले.

त्या दृष्टीने निर्णायक ठरलेले काम पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झाले. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची, गरोदरपणात त्यांचा आहार, श्रम आणि रक्त तपासायचे आणि जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घ्यायचा, अशी त्याची आखणी होती. या माता सरासरी १५२ सेंटिमीटर उंचीच्या आणि ४२ किलो वजनाच्या होत्या आणि त्यांतील बहुतेक शेतात राबणाऱ्या होत्या. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्वच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नाही. पोटाचा घेर सर्वाधिक कमी होता, दंडाचे स्नायूही बारीक होते. मात्र पाठीवर फऱ्याच्या हाडाखालची त्वचा चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली, तेव्हा ती इंग्लिश बाळांच्या बरीच जवळ आली. शरीर सडसडीत असूनही चरबी राखलेली, अशी ही घडण २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या बाळाकडे पाहून कोणीही कुपोषित म्हणेल, त्याच बाळाच्या शरीरात पुढील मधुमेहाची पूर्वतयारी असू शकते, हे सार्वजनिक आरोग्याच्या तोवरच्या मांडणीत बसणारे नव्हते.

लगेचच २००४ मध्ये एका भारतीय आणि एका ब्रिटिश संशोधकाने स्वतःचीच मापे शेजारीशेजारी छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता. ब्रिटिश संशोधकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि भारतीय संशोधकाच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दोन व्यक्तींच्या तुलनेने काहीच सिद्ध होत नाही हे खरे, पण उंची-वजनाचा हा निर्देशांक सर्व समाजांत एकच अर्थ सांगत नाही हे त्या एका पानाने जितके स्पष्ट केले, तितके मोठमोठ्या तक्त्यांनी केले नव्हते.

आजच्या बहुतेक मतभेदांचा उगम असलेला निर्णयही त्याच वर्षीचा आहे, आणि तो नीट समजून घेतल्याखेरीज मुलांच्या आकडेवारीचा अर्थ लागत नाही. प्रौढांसाठी २५ च्या पुढे अतिवजन आणि ३० च्या पुढे स्थूलता या मर्यादा प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकसंख्यांमधील आजार आणि मृत्यूंच्या माहितीवर ठरलेल्या होत्या. २००० मध्ये आशिया-प्रशांत विभागासाठी २३ आणि २५ अशा खालच्या मर्यादा सुचवण्यात आल्या. त्यावर विचार करण्यासाठी २००२ मध्ये सिंगापूर येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २००४ मध्ये आले. तज्ज्ञांनी मान्य केले की आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाही चरबी आणि धोका अधिक असतो. मात्र धोका जिथून वाढू लागतो तो बिंदू देशागणिक २२ ते २५ आणि जिथे तो तीव्र होतो तो २६ ते ३१ असा सरकत असल्याने सर्व आशियाईंसाठी एक वेगळी रेषा आखता येत नाही, असे ठरले. त्यामुळे २५ आणि ३० कायम राहिले, आणि त्यांच्या जोडीला २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे कृतीसाठीचे बिंदू म्हणून देण्यात आले.

शास्त्रीयदृष्ट्या या निर्णयात चूक दाखवता येणार नाही. परंतु व्यवहारात त्याचा परिणाम असा झाला की जगाशी तुलना करताना एक फूटपट्टी आणि रुग्णाला सल्ला देताना दुसरी, अशी विभागणी रूढ झाली. १६५ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती एका फूटपट्टीने ६८ किलोपर्यंत निर्धास्त राहू शकते आणि दुसरीने तिने ६३ किलोलाच सावध व्हायला हवे. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने २३ ला अतिवजन आणि २५ ला स्थूलता मानण्याचे ठरवले आणि कंबरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा घातली. तरीही राष्ट्रीय कुटुंब सर्वेक्षणात ठळकपणे छापला जाणारा आकडा २५ च्या रेषेचाच राहिला. २०१९-२१ च्या फेरीत स्त्रियांमध्ये २४ टक्के आणि पुरुषांमध्ये २२.९ टक्के हे प्रमाण त्याच रेषेने मोजलेले आहे. धोरणे आखणाऱ्यांसमोर जो आकडा जातो तो सौम्य असतो आणि दवाखान्यात जो दिसतो तो नसतो, ही तफावत वीस वर्षे सांभाळण्याजोगी होती असे म्हणणे कठीण आहे.

मुलांच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते, कारण त्यांचा बीएमआय वयानुसार बदलतो आणि मुलाला कोणत्या बीएमआयला अपाय होतो हे थेट सांगणारा पुरावा अपुरा आहे. म्हणून प्रौढांची मर्यादा १८ किंवा १९ व्या वर्षी गृहीत धरून तिथून वक्ररेषा मागे ओढली जाते. प्रौढांच्या रेषेचा वाद अशा रीतीने पाच वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचतो. पाच वर्षांखालील मुलांसाठी २००६ चे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत, म्हणजे दक्षिण दिल्ली, येथील सुस्थितीतल्या मुलांवरून तयार झाले आणि आपल्या अंगणवाड्यांतही पोहोचले. पाच ते एकोणीस वर्षांसाठीचा २००७ चा संदर्भ मात्र मुख्यतः १९७७ च्या अमेरिकी आकडेवारीची पुनर्रचना आहे आणि त्याच्या रेषा २५ व ३० ला मिळतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०१५ मध्ये देशातील चौदा शहरांतील सुस्थितीतल्या मुलांच्या मापांवरून स्वतंत्र आलेख काढले, त्यातून जादा वजनाची मुले वगळली आणि रेषा २३ व २७ ला मिळवल्या. परिणामी एकच मूल एका आलेखावर सामान्य आणि दुसऱ्यावर अतिवजनी ठरू शकते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, हे दोन पुराव्यांवरून दिसते. पहिला पुरावा दिल्लीचा आहे. तिथे १९६९ पासून जन्मलेल्या मुलांची मापे वर्षानुवर्षे ठेवली गेली आणि ती मुले २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते पहिल्या दोन वर्षांत इतरांपेक्षा बारीक होते आणि नंतर त्यांचा बीएमआय झपाट्याने वर चढत गेला होता. तरीही त्यांच्यापैकी एकही जण बाराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार स्थूल नव्हता. दुसरा पुरावा २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचा आहे. आंतरराष्ट्रीय रेषेने अतिवजनी मुले पाच ते नऊ या वयात सुमारे ४ टक्के आणि किशोरवयात सुमारे ५ टक्के, तर मधुमेहाची पूर्वावस्था सुमारे १० टक्क्यांमध्ये. रक्तक्षयामुळे ही पूर्वावस्था ओळखणाऱ्या रक्तचाचणीत काही फरक पडतो हे लक्षात घेतले, तरी एवढे अंतर दुर्लक्षण्यासारखे नाही.

आपल्याकडे कुपोषणाविरुद्धचा लढा वजनाच्या तक्त्यावर लढला गेला, आणि तो लढायलाच हवा होता. मेळघाटातील बालमृत्यूंनंतर महाराष्ट्रात तरी त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. पण वजन वाढले की बालक सुधारले, या समजुतीत उंचीचा हिशेब मागे पडला. खुजे राहिलेले मूल दोन वर्षांनंतर नुसते वजनाने वाढले, तर ती वाढ बरीचशी चरबीची असू शकते. राष्ट्रीय कुटुंब सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतही राज्यात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुजी आढळली आणि अतिवजनी मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीच्या दुपटीहून वाढून ४ टक्क्यांच्या पुढे गेले. गुटगुटीत बालक स्पर्धेत फक्त वजनाचा काटा पाहणाऱ्या परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना दिलेली फूटपट्टीच तशी होती.

वृद्धत्वाचा अभ्यास या चौकटीत फार उशिरा आला. ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींचे देशव्यापी सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झाले. त्यात हाताच्या पकडीची ताकद, स्मरणशक्ती, रक्तदाब असे बरेच काही मोजले गेले, पण त्या पिढीतील बहुसंख्यांच्या जन्माच्या वजनाची नोंदच नाही. म्हैसूरच्या जन्मनोंदींतील व्यक्ती वृद्ध झाल्यावर त्यांच्या बौद्धिक क्षमतेचाही अभ्यास हाती घेण्यात आला, त्याचे महत्त्व यासाठीच आहे.

पुण्याच्या गावांतील मुलांबाबत मात्र ही उणीव राहणार नाही. सहाव्या वर्षी असे आढळले की गरोदरपणात आईच्या रक्तात फोलेटची (फॉलिक अॅसिड हे त्याचेच गोळ्यांतील रूप) पातळी अधिक आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमी असेल, तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक असते. यावरून गरोदर स्त्रियांना फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देण्याच्या पद्धतीवरच प्रश्न उभे राहिले. त्या गोळ्या बंद कराव्यात असा याचा अर्थ नव्हता. बी-१२ ची जोड द्यावी असा होता, आणि तो तपासण्यासाठी २०१२ पासून त्याच मुलामुलींना, ते स्वतः आईवडील होण्यापूर्वी, हे जीवनसत्त्व देऊन पाहण्यात आले. अठराव्या वर्षीच्या तपासणीत ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली. त्यांतील बहुतेक जण कोणत्याही रेषेने स्थूल नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी प्रौढांच्या स्थूलतेची व्याख्या पुन्हा बदलली. २३ च्या वरचा बीएमआय हीच स्थूलतेची पहिली पायरी धरली गेली, आणि कंबरेचा घेर व अवयवांवरील परिणाम दुसरीत आले. मुलांचे आलेख या फेरबदलात आलेले नाहीत. २३ ला प्रौढ स्थूल आणि त्याच रेषेवरचा किशोर केवळ अतिवजनी, अशी स्थिती सध्या आहे, आणि शाळांमधील तपासणीत कोणता आलेख वापरायचा हेही अजून एकमताने ठरलेले नाही.