उपकारस्तुती, ख्रिस्ती (कोल्हापूर परिसर)

सुखात व दुःखात, लाभात व हानीत देवाचे आभार मानणे आणि त्याच्या ठायी आनंद करणे, ही ख्रिस्ती धर्मातील शिकवण व तिच्यावर उभा असलेला उपासनाप्रकार. मराठी मंडळ्यांत (स्थानिक ख्रिस्ती समाजांत) प्रार्थनेच्या एका अंगाला उपकारस्तुती म्हणतात आणि त्यासाठी घरी किंवा चर्चमध्ये भरणाऱ्या सभेलाही तेच नाव आहे.

मुख्य आधारवचन प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात येते (५:१६–१८). सर्वदा आनंदित असणे, निरंतर प्रार्थना करणे व सर्व स्थितीत उपकारस्तुती करणे या तीन आज्ञा तेथे एका दमात दिल्या आहेत. हे पत्र करिंथहून लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. करिंथमध्ये पौलाला प्रांताधिकारी गल्लियो याच्यापुढे उभे करण्यात आले होते, आणि डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोची कारकीर्द इ. स. ५१–५२ च्या सुमारास येते. त्यावरून पत्राचा काळ साधारण इ. स. ५०–५१ ठरतो. गलतीकरांस पत्र याआधीचे मानणारा एक पक्ष आहे. तो मान्य केला नाही, तर हे नव्या करारातील सर्वांत जुने लेखन ठरते. ज्या मंडळीला ही आज्ञा दिली तिचा छळ चालू होता आणि तिने ‘पुष्कळ संकटात’ आनंदाने वचन स्वीकारले होते (१:६), ही गोष्ट अर्थ लावताना नजरेआड करून चालत नाही.

पौलाच्या पत्रांपैकी आनंदाचा सर्वाधिक उल्लेख फिलिप्पैकरांस पत्रात आहे आणि ते तुरुंगातून लिहिलेले आहे. तुरुंग कोठला, यावर मतभेद आहेत. परंपरेने रोम (सु. ६०–६२) मानले जाते, पत्रातील प्रैतोरियमचा (राजरक्षक दलाचा किंवा राज्यपालाच्या वाड्याचा) आणि कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, घरच्यांचा उल्लेख त्याला अनुकूल आहे. मात्र कैसराचे दास व चाकर प्रांतांतही असत. इफिसच्या बाजूने (सु. ५४–५५) अंतराचा मुद्दा मांडला जातो. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाकडे पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडल्याची बातमी फिलिप्पैला जाते, तेथील लोकांची काळजी परत पौलाच्या कानावर येते. इतक्या फेऱ्या रोमपेक्षा इफिसहून सहज घडतात. इफिसच्या कैदेचा सरळ उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाही, पण रोमला जाण्याआधीच आपण अनेकदा तुरुंगात पडलो असे पौल स्वतः सांगतो (२ करिंथ ११:२३). पॅलेस्टाईनमधील कैसरीया येथेही पौल कैदेत होता, पण तो पक्ष दुबळा आहे. एकंदरीत रोमचे पारडे अजून किंचित जड दिसते. ठिकाण कोणतेही असो, जगणार की मरणार हे ठरलेले नसताना हे पत्र लिहिले गेले (१:२०–२३). त्यातील ‘आहे त्या स्थितीत संतुष्ट’ ही भाषा स्टोइकांच्या (मनःसंयम शिकवणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या) जवळची आहे. मात्र स्टोइकांचे बळ स्वतःत असते, पौल ते ख्रिस्तात असल्याचे सांगतो.

खरा वाद वेगळा आहे: आभार संकटात मानायचे की संकटाबद्दलही? इफिसकरांस पत्रात (५:२०) सर्व गोष्टींबद्दल आभार मानण्यास सांगितले आहे. त्याच्या आधारे काही उपदेशक आजाराबद्दल आणि मृत्यूबद्दलही स्तुती करायला लावतात. सुधारित (कॅल्विनच्या वळणाच्या प्रॉटेस्टंट) परंपरेतील हायडलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) संकटात धीर व भरभराटीत कृतज्ञता अशी विभागणी करते (प्रश्न २८). योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराचा, म्हणजे येशूने मेलेल्यातून उठवलेल्या त्याच्या मित्राचा, प्रसंग येथे निर्णायक वाटतो. येशू रडतो (११:३५) आणि त्याच कबरेपाशी थोड्याच वेळात पित्याचे आभार मानतो (११:४१). लाजर मेला याबद्दल नव्हे, पिता ऐकतो याबद्दल ते आभार आहेत. विलापाची बहुतेक स्तोत्रे स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे तेवढे अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात ठेवलेले आहे. शोक करणाऱ्याला सक्तीने हसायला लावणारी शिकवण शास्त्राला धरून नाही.

कोल्हापुरात ही परंपरा अमेरिकन मिशनबरोबर आली. तिची सुरुवात काहीजण मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर कोल्हापुरास आले त्या १८५२ पासून धरतात, तर प्रेस्बिटेरियन इतिहासकार हे काम प्रेस्बिटेरियन मिशन मंडळाकडे आले ते १८७० साल धरतात. स्थानिक मंडळीच्या दृष्टीने पहिले वर्ष अधिक योग्य होय. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे आहे. पुढे पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज अशी केंद्रे झाली. मिरजेत विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. भजन-कीर्तनाचे वळण मात्र अहमदनगरकडचे: कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांचे कीर्तन आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांची पदे मराठी मंडळ्यांत सर्वत्र गेली.

घरची सभा आजारातून उठणे, नोकरी, नवे घर, बाळाचा जन्म अशा निमित्ताने होते. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) वचन वाचतात. १०३ वे किंवा १०७ वे स्तोत्र विशेष आवडते. दुसऱ्यात वाट चुकलेले, कैदी, रोगी व समुद्रावर वादळात सापडलेले असे चार गट सुटकेबद्दल आभार मानतात, आणि घरचे माणूस देते ती साक्ष याच घडणीची असते. नंतर दान व जेवण. जुन्या करारातील लेवीय (७:१५) नुसार उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे लागे; इतके मांस एकट्याने संपणे अशक्य, म्हणून पंगत हा या स्तुतीचाच भाग ठरतो. सुगीच्या उपकारस्तुतीला शाळू, भुईमूग, गूळ, ऊस, भाजी वेदीपुढे आणून नंतर त्यांचा लिलाव होतो. वर्षअखेरीच्या रात्रीही सभा असते.

पीक बुडाले तर? संदेष्टा हबक्कूक (३:१७–१८) शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी देवाच्या ठायी आनंद करीन असे म्हणतो. पंचगंगाकाठी हे वचन समजावून द्यावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. उभा ऊस कुजलेला असताना म्हटलेली स्तुती हीच या शिकवणीची मूळ जागा आहे.

रोमन कॅथलिकांत मिस्सा (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची उपासना) हीच मुख्य उपकारस्तुती मानली जाते. खास निमित्त असेल तर त्या हेतूने मिस्सा अर्पण करतात.