मिल्को मीटर नेमकं काय मोजतं? अल्ट्रासाउंडने दूध तपासण्यामागचा इतिहास

संकलन केंद्रावर दुधाचा नमुना मिल्को मीटरच्या नळीखाली धरला की मिनिटभरात पावती निघते. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), डिग्री (दुधाच्या घनतेचा आकडा), प्रोटीन, लॅक्टोज (दुधातली साखर), शिवाय ‘पाणी इतके टक्के’. आकडे सहा-सात असले, तरी अल्ट्रासॉनिक यंत्राने मुळात मोजलेलं असतं ते फार थोडं: दुधातून ध्वनी किती वेगाने गेला, आणि तोच वेग दुसऱ्या तापमानाला किती भरला. काही यंत्रं ध्वनी वाटेत किती क्षीण झाला तेही पाहतात, काहींना विद्युतवाहकता मोजणारा इलेक्ट्रोड जोडलेला असतो. बाकी सगळं त्यावरून मांडलेलं गणित. हे गणित कुठून आलं ते कळलं की पावतीवरच्या कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

द्रवातल्या ध्वनीचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हा सरोवरात. जाँ-दानिएल कोलादाँ आणि शार्ल स्टुर्म यांना खरं तर ध्वनीत फारसा रस नव्हता. पाणी दाबलं की किती आक्रसतं, हा त्यांचा प्रश्न. एका होडीतून पाण्यात सोडलेल्या घंटेवर टोला पडायचा आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटायची. साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत कोलादाँ पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून बसलेला. उजेड दिसल्यापासून टोला ऐकू येईपर्यंत साडेनऊ सेकंदांना जरा कमी वेळ लागला. ८ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी त्यांनी काढलेला वेग सेकंदाला १४३५ मीटर. आजचा मान्य आकडा त्याहून तीन-चार मीटरनेच जास्त आहे. १८२७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिलं.

द्रव जितका दाबाला दाद न देणारा, तितका ध्वनी वेगवान. आणि जितका जड, तितका मंद. घनता आणि संपीड्यता (दाबाखाली द्रव किती आक्रसतो ते) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याने एकाला भागलं की वेग मिळतो. म्हणजे घनता ठाऊक असेल तर वेगावरून द्रवाचा ताठपणा कळतो. पुढची सगळी तपासणी या एका नात्यावर उभी आहे. त्या नात्यात रेणूंची ओळख कुठेच नाही, हे मात्र इथेच लक्षात ठेवलेलं बरं.

साडेतेरा किलोमीटरचं सरोवर प्रयोगशाळेच्या पेल्यात आणायचं तर ध्वनीची तरंगलांबी मिलिमीटरच्या आत यायला हवी, म्हणजेच कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो कंपनांचा ध्वनी, अर्थात अल्ट्रासाउंड हवा. तो निर्माण करण्याचं साधन १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांना सापडलं: क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. याच्या उलटही घडलं पाहिजे, असं लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने दाखवलं आणि क्यूरी बंधूंनी ते लगेच पडताळलं. स्फटिकाला उलटसुलट विद्युतदाब दिला की तो थरथरतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास पोलादी पत्र्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्यात ध्वनी सोडला.

मोजमापाचं उपकरण आलं १९२५ मध्ये. जॉर्ज पिअर्स यांनी हार्वर्डमध्ये वायूंसाठी इंटरफेरोमीटर, म्हणजे ध्वनीची तरंगलांबी मोजणारं उपकरण, केला. दोन-तीन वर्षांत हबर्ड आणि लूमिस यांनी तो द्रवांसाठी वापरला. त्याची रचना आपल्याकडच्या एमएस्सीच्या प्रयोगशाळांत आजही जवळपास तशीच दिसते. तळाशी २ मेगाहर्ट्झचा स्फटिक, वर दहा-बारा मिलिलिटर द्रव, त्यावर मायक्रोमीटर स्क्रूने वर-खाली होणारी धातूची परावर्तक चकती. चकती हळूहळू वर नेली की दर अर्ध्या तरंगलांबीला मीटरचा काटा उसळी घेतो. पाण्यात २ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ०.३७ मिलिमीटर. वीस उसळ्या मोजल्या तर चकती साधारण ७.४ मिलिमीटर सरकते, आणि तेवढ्यात स्क्रू वाचताना ०.०१ मिलिमीटरची चूक झाली की वेगात सेकंदाला २ मीटरचा फरक पडतो. म्हणून एकेक उसळी न मोजता वीस-वीस मोजतात, आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवतात. उलट फिरवला की आट्यांमधला ढिलेपणा वाचनात शिरतो.

स्क्रूपेक्षा जास्त छळतं ते तापमान. पाण्यात ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला १४८२ मीटर, २५ ला १४९७, ३० ला १५०९. एका अंशाला अडीच-तीन मीटर. तुलनेसाठी, लिटरमागे एक ग्रॅम मीठ विरघळवलं तर वेग वाढतो जेमतेम मीटर-सव्वामीटरने. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक मिठासारखी दिसू शकते. त्यामुळे द्रव ठेवलेल्या कोशाभोवती स्थिर तापमानाचं पाणी फिरवल्याशिवाय वाचन घेण्यात अर्थ नाही. पाण्याचा आणखी एक वेगळेपणा आहे. बहुतेक द्रवांत तापमान वाढलं की वेग घटतो, पाण्यात मात्र तो सुमारे ७४ अंशांपर्यंत वाढत १५५५ मीटरला पोचतो आणि मग उतरतो. दुधाच्या यंत्राला हाच वेगळेपणा पुढे उपयोगी पडला.

या विषयात भारताचा वाटा मोठा आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत डिबाय आणि सिअर्स यांना, तर फ्रान्समध्ये ल्यूका आणि बिकार यांना दिसलं, की अल्ट्रासाउंड जात असलेल्या द्रवातून प्रकाश सोडला तर तो जाळीतून गेल्यासारखा पट्ट्यापट्ट्यांत फुटतो. याची पूर्ण उपपत्ती १९३५-३६ मध्ये बंगळूरला सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी मांडली. पट्ट्यांमधलं अंतर मोजून वेग काढता येतो, आणि एस. पार्थसारथी यांनी अशा रीतीने कितीतरी सेंद्रिय द्रवांचे वेग मोजले. पाठोपाठ एम. रामा राव यांनी दाखवलं, की द्रवाचं रेणुवस्तुमान भागिले घनता, गुणिले वेगाचं घनमूळ, ही राशी तापमान बदललं तरी जवळपास तीच राहते. याला राव यांचा नियम म्हणतात. तेव्हापासून द्रवमिश्रणांचे वेग मोजणं हा भारतीय विद्यापीठांतल्या रसायन आणि भौतिकी विभागांचा हातखंडा विषय झाला. त्यातले बरेच शोधनिबंध एकाच साच्यातले आहेत हेही खरं, पण हजारो मिश्रणांचे आकडे आज हाताशी आहेत ते त्यामुळेच.

दूध मात्र शुद्ध द्रवही नाही आणि साधं द्रावणही नाही. पाण्यात लॅक्टोज आणि क्षार विरघळलेले, प्रोटीनचे सूक्ष्म कण तरंगणारे, वर फॅटचे गोलक. अशा कालवणातून ध्वनी कसा जातो याचं सोपं सूत्र रॉबर्ट युरिक यांनी १९४७ मध्ये दिलं: घटकांच्या प्रमाणात घनतेची सरासरी घ्या, संपीड्यतेची सरासरी घ्या, आणि त्यावरून वेग काढा. वेळ मोजण्याची इलेक्ट्रॉनिक साधनंही याच सुमारास सुधारली. दहा सेंटिमीटर पाणी ओलांडायला ध्वनीला सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. वेगातला एक मीटरचा फरक ओळखायचा तर ४४ नॅनोसेकंद वेगळे दिसायला हवेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत ग्रीनस्पॅन आणि शीग यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पलीकडे पोचलेला ध्वनीचा स्पंदच (छोटा ठोकाच) पुढचा स्पंद सोडतो. एका फेरीऐवजी सेकंदात हजारो फेऱ्या होतात आणि मोजायची ती फक्त वारंवारता.

दुग्धव्यवसायाला या सगळ्याची गरज का पडली? दुधाचे पैसे फॅटवर द्यायचे तर फॅट लवकर मोजता यायला हवी. स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आणि थोड्याच काळात निक्लाउस गर्बर यांनी स्वित्झर्लंडमध्ये ॲसिडची पद्धत बसवली. आपल्याकडे गर्बर रुळली. ब्युटायरोमीटरमध्ये, म्हणजे आखीव मानेच्या काचनळीत, १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, मिनिटाला ११०० फेऱ्यांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये पाचेक मिनिटं फिरवायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून फॅटचा स्तंभ वाचायचा. ॲसिड फार तीव्र असलं तर स्तंभ काळवंडतो, सौम्य पडलं तर खाली न विरघळलेल्या प्रोटीनची पांढरी गुठळी राहते. पद्धत आजही पायाभूत मानली जाते. पण सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे नमुने ॲसिडने करणं गावच्या केंद्राला परवडत नाही, आणि एसएनएफसाठी पुन्हा दुधाची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर लावावा लागतो. डिग्रीचा चौथा हिस्सा, त्यात फॅटचा ठरावीक भाग आणि एक स्थिरांक मिळवून एसएनएफ काढतात. तो स्थिरांक डेअरीगणिक बदलतो, ही वेगळीच डोकेदुखी.

बॅबकॉक यांच्याच विस्कॉन्सिनमध्ये काम करणाऱ्या विंडर यांनी फिट्झगेराल्ड आणि रिंगो यांच्यासह १९६१ मध्ये दुधाची फॅट आणि एसएनएफ अल्ट्रासाउंडने मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अज्ञात गोष्टी दोन, म्हणून मोजमापंही दोन: एकाच नमुन्याचा वेग दोन तापमानांना. पाण्याचा भाग तापवला की वेग वाढतो. फॅट तापवली की तिच्यातला वेग अंशाला सुमारे तीन मीटरने घसरतो. त्यामुळे चढ्या तापमानाला फॅट वेग ठळकपणे खाली खेचते, तर एसएनएफ दोन्ही तापमानांना तो वर नेते. दोन समीकरणं, दोन उत्तरं. तापमानं कोणती घ्यायची यामागेही कारण आहे. ४० अंशांच्या खाली दुधातली फॅट अर्धवट गोठलेली असू शकते आणि गोठलेल्या फॅटचा ताठपणा वेगळा. म्हणून पहिलं मोजमाप ४० च्या आसपास, दुसरं ६० च्या. वर ६० ला पाण्याचा वेग शिखराजवळ पोचलेला असल्याने तिथे तो अंशाला अर्ध्या-पाऊण मीटरनेच बदलतो, आणि हीटरची छोटी चूक कमी बोचते.

कल्पना कागदावर होती, पण स्वस्त मायक्रोप्रोसेसर येईपर्यंत ती केंद्राच्या टेबलावर आली नाही. मधल्या काळात डेन्मार्कच्या फॉस कंपनीचं, फॅटच्या गोलकांवरून विखुरणारा प्रकाश मोजणारं मिल्को टेस्टर आपल्या सहकारी संघांत रुळलं होतं. ते फक्त फॅट सांगे. अल्ट्रासॉनिक यंत्रं स्वस्त आणि छोटी झाली ती मुख्यतः बल्गेरियातल्या स्टारा झागोरा आणि नोव्हा झागोरा इथल्या कारखान्यांमुळे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, ॲसिड न लागणारं, वीसेक मिलिलिटर दुधात फॅट आणि एसएनएफ दोन्ही देणारं यंत्र. गावोगाव ते पसरलं यात नवल नाही.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी बुडबुडे. कमी वारंवारतेच्या ध्वनीचा वेग पाण्यातली हजारात एक भाग हवासुद्धा १४८० वरून ४०० मीटरच्याही खाली आणते. मेगाहर्ट्झला ती वेग इतका पाडत नाही, पण स्पंद विखरून टाकते आणि यंत्राला त्याची सुरुवातच सापडत नाही. नुकतं काढलेलं, फेसाळ दूध लगेच लावलं की वाचन उड्या मारतं. दूध या भांड्यातून त्या भांड्यात दोन-तीनदा अलगद ओतायचं, घुसळायचं नाही, आणि फेस बसू द्यायचा. फ्रीजमधला नमुना वर साय धरलेला असतो. तो पाण्याच्या बाथमध्ये ४० अंशांपर्यंत कोमट करून मिसळायचा आणि मग २५-३० पर्यंत निववून लावायचा. आंबट व्हायला आलेलं दूध यंत्राच्या गरम कोशातच फाटतं आणि नळी चोंदते.

दुसरा शत्रू दूधखडा. गरम कोशाच्या भिंतीवर प्रोटीन आणि कॅल्शियमचा थर बसतो. मूळ रस्ता काही सेंटिमीटरचाच, त्यामुळे पातळ थरही वेळ बदलतो. दिवसाच्या शेवटी कोमट पाणी आणि अल्कधर्मी क्लीनर, आठवड्यातून एकदा आम्ल क्लीनर, आणि शेवटी साधं पाणी लावून शून्य तपासणं, एवढं केलं तर थर बसत नाही. क्लीनर नीट धुतला नाही तर सकाळच्या पहिल्या शेतकऱ्याची फॅट हमखास चुकते.

आणि कॅलिब्रेशन. गाय, म्हैस, मिश्र अशी वेगवेगळी सेटिंग्ज असतात, कारण गोलकांचा आकार आणि प्रोटीनचं प्रमाण वेगळं. ही सेटिंग्ज गर्बरने तपासलेल्या नमुन्यांवर बसवलेली असतात. म्हणजे ॲसिड गेलेलं नाही, मागच्या खोलीत आहे. बहुतेक यंत्रांची अचूकता फॅटसाठी अधिक-उणे ०.१ आणि एसएनएफसाठी ०.१५ ते ०.२ सांगितली जाते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, कपात होते. ज्या यंत्राची चूकच एका पॉइंटची, त्याच्या पावतीवर दोन दशांश स्थळं छापून त्यावर पैसे कापणं हे मोजमापाच्या शिस्तीत बसत नाही. मिल्को मीटर त्रयस्थाकडून तपासले जावेत ही शेतकरी संघटनांची मागणी म्हणूनच रास्त आहे.

प्रोटीन आणि लॅक्टोजचे आकडे तर एसएनएफ ठरावीक प्रमाणात वाटून आलेले असतात. इन्फ्रारेड यंत्रात तसं नसतं: तिथे फॅट ५.७, प्रोटीन ६.५ आणि लॅक्टोज ९.६ मायक्रोमीटरला आपापला प्रकाश शोषतात. ध्वनीला असा फरक कळत नाही. साखर, मीठ, युरिया, काहीही विरघळवलं की वेग वाढतो आणि पावतीवर एसएनएफ वाढलेला दिसतो. पाणी घालून वर मीठ-साखर टाकली तर ‘पाणी ० टक्के’ येऊ शकतं, कारण तो टक्काही एसएनएफवरून अंदाजलेला. वाहकतेचा इलेक्ट्रोड असेल तर मीठ सापडतं, साखर आणि युरिया त्यालाही चकवतात. युरियासाठी डीएमएबी हे रसायन दुधात मिसळून पिवळा रंग किती गडद येतो ते पाहायचं. थोडा युरिया दुधात मुळातच असतो, म्हणून फिकट पिवळा रंग चालतो. मर्यादा १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमची आहे.