नाताळच्या झाडावर परी कशी आली?

नाताळचे झाड एखादी ठरावीक कल्पना धरून सजवण्याची हौस आता चांगलीच रुळली आहे, आणि त्यात पऱ्यांचे झाड अनेकांच्या आवडीचे आहे. फिकट गुलाबी आणि चंदेरी गोळे, फांद्यांआडून डोकावणाऱ्या पंखवाल्या बाहुल्या, बोटभर उंचीच्या खुर्च्या आणि पाळणे, बारीक दिव्यांच्या माळा आणि शेंड्यावर कांडी उगारलेली एक मोठी परी, असा त्याचा साधारण थाट असतो. शेंड्यावरची ही परी म्हणजे देवदूताचेच सौम्य झालेले रूप असावे, असे पाहणाऱ्याला सहज वाटते, कारण पंख दोघांनाही आहेत आणि पांढरा झगाही दोघांच्याच अंगावर आहे. प्रत्यक्षात दोघांची कुळे वेगळी आहेत. देवदूत बायबलच्या कथेतून आला, तर परी रंगभूमीवरून आली, असे उपलब्ध पुराव्यांवरून म्हणता येते.

मराठीत ‘देवदूत’ आणि ‘परी’ हे दोन शब्द कधी एकमेकांत मिसळले नाहीत, हे आपले भाग्यच. आपला ‘परी’ हा शब्द फारसीतून आला, तर इंग्रजी ‘फेअरी’ हा जुन्या फ्रेंचमधून थेट नियतीच्या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत मागे जातो. दोन्ही शब्दांच्या उच्चारांतले साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

मुळात झाडाचाच इतिहास एका नाटकापाशी जातो, असे अनेक अभ्यासक मानतात. २४ डिसेंबर हा आदम आणि एव्हा यांचा दिवस समजला जाई, आणि जर्मन भाषक प्रदेशांत त्यांच्या कथेवरच्या धार्मिक नाटकांत नंदनवन दाखवण्यासाठी सफरचंदे टांगलेले हिरवे झाड उभे करीत. १६०५च्या सुमाराच्या एका नोंदीनुसार स्ट्रासबुर्गमध्ये लोक घराच्या दिवाणखान्यात सूचिपर्णी झाडे उभारून त्यांना रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ पापड्या, बेगड आणि मिठाई टांगत होते. या यादीत पंखवाले कोणी नाही. न्यूरेम्बर्गच्या कारागिरांचा प्रसिद्ध सोनेरी देवदूत मात्र याच बेगडाच्या परंपरेतला आहे. पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा चुण्या पाडून त्याचा घोळदार झगा आणि पंख केले जातात, आणि हवेच्या झुळकीने तो पत्रा सळसळतो म्हणून जर्मन भाषेत त्याला ‘सळसळत्या सोन्या’च्या अर्थाचे नाव पडले आहे.

इंग्लंडमध्ये झाड जर्मन राजघराण्यांच्या सोयरिकीतून आले. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट ही मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झ या जर्मन संस्थानातली; तिने १८०० मध्ये विंडसरला मुलांसाठी सजवलेले झाड उभारले होते. सामान्य मध्यमवर्गापर्यंत ही प्रथा पोहोचली ती मात्र १८४८ नंतर. त्या वर्षी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. त्या झाडाच्या शेंड्यावर पंख पसरलेली, दोन्ही हातांत एकेक पुष्पचक्र धरलेली देवदूताची लहान आकृती होती, असे सोबतच्या मजकुरात नमूद आहे.

यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १८५० मध्ये, चार्ल्स डिकन्सने नाताळच्या झाडावर एक लेख लिहिला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. झाडावरच्या वस्तूंचे वर्णन करताना त्याने वुल्व्हरहॅम्प्टनला बनलेल्या पत्र्याच्या इवल्याशा मेज-खुर्च्या, पलंग आणि कपाटे यांचा उल्लेख केला आहे, आणि ती फांद्यांवर अशी मांडली होती की जणू एखाद्या परीचा संसारच थाटायचा आहे, असे म्हटले आहे. आज पऱ्यांच्या झाडासाठी जो बाहुलीघराचा सरंजाम लोक हौसेने जमवतात, त्याचे हे जवळजवळ हुबेहूब वर्णन आहे. त्याच लेखात पुढे त्याला बालपणी पाहिलेल्या पँटोमाइममधली कांडीवाली परी आठवते, आणि झाडाच्या फांद्यांवरून नजर खाली उतरत जाते तशी ती निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते, असे तो लिहितो. राजवाड्यातल्या झाडावर देवदूत होता, आणि लेखकाच्या मनातल्या झाडावर तेव्हाच परी येऊन बसली होती.

पँटोमाइम म्हणजे नाताळच्या दिवसांत इंग्लंडमध्ये होणारा नाच, गाणी आणि थट्टामस्करीचा सहकुटुंब पाहण्याचा खेळ. त्यात देखावा बदलायच्या वेळी परी येई आणि कांडी फिरवी. तिचा वेश बॅलेने आधीच ठरवून टाकला होता. १८३२ मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यात मारी तालियोनी पांढऱ्या झिरझिरीत, घेरदार झग्यात आणि पाठीवर छोटे पंख लावून चवड्यांवर नाचली, आणि पुढच्या बहुतेक पऱ्यांनी तोच वेश उचलला. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातली परी जाळीचे पंख, चमकीचा मुकुट आणि चांदणी लावलेली काठी घेऊन येते, तोही याच वेशाचा दूरचा अवतार म्हणायला हवा.

दिव्यांचा धागाही रंगभूमीशी जुळतो. २५ नोव्हेंबर १८८२ रोजी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात ‘आयोलँथी’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. त्यातल्या मुख्य पऱ्यांच्या केसांत विजेचे बारीक दिवे चमकत होते आणि त्यांची बॅटरी प्रत्येकीच्या पाठीवर दडवलेली होती. महिनाही उलटला नाही तोच न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या ८० दिव्यांचे नाताळचे झाड उभारले. ते स्वतःभोवती फिरतही होते. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, तरीही मेणबत्त्यांच्या धोक्यातून झाड सुटण्याची सुरुवात आणि परीच्या डोक्यावर दिवा लागणे एकाच हिवाळ्यात घडले, हे लक्षात राहण्यासारखे आहे. झाडावरच्या बारीक दिव्यांच्या माळांना ब्रिटिश इंग्रजीत आजही ‘फेअरी लाइट्स’ म्हणतात.

डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रशियन संगीतकार चायकोव्स्कीचे ‘नटक्रॅकर’ हे नृत्यनाट्य रंगमंचावर आले. त्यात पहिल्या अंकात नाताळचे झाड प्रेक्षकांसमोर वाढत वाढत प्रचंड होते आणि दुसऱ्या अंकात मिठाईच्या राज्यातली शुगर प्लम परी नाचते. तिच्या नृत्यासाठी चायकोव्स्कीने चेलेस्टा हे त्या काळी नवे असलेले, घंटानादासारखे किणकिणणारे वाद्य पॅरिसहून मिळवले होते. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांनी व्हाइट हाउसच्या ब्लू रूममधल्या झाडासाठी याच नृत्यनाट्याची कल्पना निवडली, आणि दरवर्षी एक कल्पना ठरवून ते झाड सजवण्याची तिथली प्रथा त्या वर्षापासून सुरू झाली.

परीचे आजचे छोटे, फुलांत लपणारे रूप मात्र रंगमंचापेक्षा कागदावर घडले. १९१७ मध्ये यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्लीला एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या मावस बहिणींपैकी एल्सीने पुस्तकातली चित्रे पाहून कागदावर पऱ्या काढल्या, त्या कापून टोपीच्या पिनांनी ओढ्याकाठच्या झुडपांत उभ्या केल्या आणि त्यांची छायाचित्रे घेतली गेली. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉईल याच्यासारख्या माणसाने ती खरी मानून १९२० मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकाच्या नाताळ अंकात त्यांवर लेख लिहिला. पऱ्या कागदी असल्याची कबुली या बहिणींनी १९८०च्या दशकात दिली. त्यांच्या लबाडीची चर्चा भरपूर झाली आहे. हाताने सजावट करणाऱ्याला मात्र त्यातले तंत्र अधिक रोचक वाटेल, कारण कागदी परी पानांत पिनेने किंवा तारेने अशी अडकवायची की ती तिथेच उतरल्यासारखी दिसावी, हीच झाड सजवण्याचीही युक्ती आहे.

लगेच १९२३ मध्ये क्रॉयडनच्या सिसली मेरी बार्कर हिच्या फुलपऱ्यांच्या चित्रांचे पहिले पुस्तक निघाले. तिच्या पऱ्या म्हणजे बहिणीच्या बालवर्गातली खरीखुरी मुले होती, आणि प्रत्येकीचा पोशाख तिच्या फुलाच्या पाकळ्यांवरून बेतलेला होता. आज घरी परी करताना कापडी फूल देठ काढून उलटे धरतात, पाकळ्यांचा झगा करतात, वर डोक्यासाठी लाकडी मणी ओवतात आणि त्याच तारेचा फास करून ती फांदीला लटकवतात. या बाहुल्यांचे घराणे बार्करच्या चित्रांपर्यंत पोहोचते.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नाताळच्या झाडासाठी सुरूची फांदी वाळूच्या डब्यात रोवण्याची रीत परिचयाची आहे, आणि शहरांत कुंडीतले अरॉकेरिया नाताळचे झाड म्हणूनच विकले जाते. परीच्या सजावटीत या दोन झाडांचे वागणे अगदी वेगळे असते. सुरूच्या काड्या लवचीक असल्यामुळे लाकडी मण्याची परी टांगताच फांदी वाकते आणि परी तोंडावर पडल्यासारखी दिसते. तिथे कागदाची किंवा जाळीच्या कापडाची हलकी परीच शोभते. अरॉकेरियाच्या फांद्या मजल्यांसारख्या आडव्या फुटतात आणि दोन मजल्यांत मोकळी जागा राहते, त्यामुळे धाग्याने सोडलेली परी कशातही न गुंतता गिरकी घेऊ शकते. शेंड्यावरच्या परीसाठी मात्र दोन्हीकडे उपाय एकच आहे: झग्याच्या आत पुठ्ठ्याचा शंकू चिकटवायचा आणि तो शेंड्यावर टोपीसारखा बसवायचा.