मार्विक हेडचा मनोरा आणि किचनरच्या ‘घातपाता’ची अफवा

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर, मार्विक हेडच्या कड्यावर सुमारे १५ मीटर उंचीचा चौकोनी दगडी मनोरा आहे. लॉर्ड किचनर (१९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती) यांच्या स्मरणार्थ ऑर्कनीकरांनी १९२६ मध्ये तो उभारला. त्याला दोन समज चिकटून आहेत: ही किचनरची समाधी आहे, आणि त्यांचे जहाज हेराने स्फोटके ठेवून बुडवले.

दोन्ही चुकीचे. किचनर यांचा मृतदेह कधी सापडलाच नाही. ५ जून १९१६ रोजी ‘हॅम्पशायर’ ही ब्रिटिश युद्धनौका (क्रूझर) त्यांना रशियाकडे नेत होती. वादळ ईशान्येचे, म्हणून आडोशासाठी पश्चिम किनाऱ्याचा मार्ग निवडला. पण वारा फिरून वायव्येचा झाला, सोबतच्या दोन विनाशिका लाटांत मागे पडू लागल्या आणि त्यांना परत धाडले. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जहाज पाण्यातल्या सुरुंगावर आदळले आणि जेमतेम पाव तासात बुडाले. हे सुरुंग जर्मन पाणबुडी यू-७५ ने आठवडाभर आधीच पेरले होते. त्याच सुरुंगक्षेत्रात २२ जूनला ‘लॉरेल क्राउन’ ही सुरुंग काढणारी बोट नऊ जणांसह बुडाली. तिथे कोणता हेर होता?

मनोऱ्यावरच्या मूळ फलकावर नाव फक्त किचनर यांचे. खलाशी ‘अधिकारी आणि माणसे’ एवढेच. ही उणीव खरोखर बोचणारी होती. २०१६ मध्ये शताब्दीला मनोऱ्याची डागडुजी झाली, शेजारी ठेंगणी वक्राकार भिंत बांधली आणि तिच्यावर हॅम्पशायरवरील ७३७ मृतांची नावे कोरली. ‘लॉरेल क्राउन’चे नऊ जणही तिथे आहेत. हॅम्पशायरवरचे वाचले होते फक्त बारा.