धावणं, गांजा आणि उलट दिशेने जाणारा निरोप

२०२३ साल संपता संपता एक बातमी जगभर फिरली: गांजा घेऊन धावलं की धावण्यात जास्त मजा येते. अभ्यास होता अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा. गांजाची सवय असलेले ४२ धावक, ट्रेडमिलवर अर्धा तास मध्यम वेगाने धावणं, एकदा गांजा घेऊन आणि एकदा न घेता. घेऊन धावलो तेव्हा जास्त मजा आली, असं त्यांनी सांगितलं. मथळ्यात एवढंच मावलं. त्याच अभ्यासात पुढे असंही होतं, की ज्यांच्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, भरपूर होता त्यांना तेवढंच धावणं जास्त कष्टाचं वाटलं. आणि मजा जास्त वाढली ती सीबीडीचं, म्हणजे गांजातल्याच दुसऱ्या एका घटकाचं, प्रमाण जास्त असलेल्या गटात. सीबीडीने तर नशा येतच नाही! शिवाय आपण काय घेतलंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. अशा वेळी अपेक्षेचा परिणाम किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड असतं.

तरीही बातमी उडवून लावण्यासारखी नाही. याच विद्यापीठाच्या २०१९ सालच्या एका पाहणीत, गांजा कायदेशीर असलेल्या राज्यांतल्या ६०५ वापरकर्त्यांपैकी दहातल्या आठांनी व्यायामाच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर गांजा घेतो असं सांगितलं होतं. गांजा घेणारा माणूस सोफ्यावर लोळत पडतो, हे चित्र त्यांच्या बाबतीत तरी खरं नव्हतं. मग गांजा आणि व्यायाम यांचं शरीरात नेमकं नातं काय? नातं आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की या लेखाची निम्मी जागा मी त्यालाच देणार आहे.

दमदार धावून आल्यावर जे हलकं वाटतं, चिंता मागे पडतात, पायांचं दुखणं जाणवत नाही, ते एंडॉर्फिनमुळे, असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हा समज १९७०च्या दशकातला. एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतः बनवलेलं अफूच्या जातीचं रसायन. धावल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, हेही खरं. अडचण अशी, की बीटा-एंडॉर्फिन हा ३१ अमिनो आम्लांचा लांबलचक रेणू आहे आणि रक्त व मेंदू यांच्यामध्ये जी कडक गाळणी असते तिच्यातून तो सहज पलीकडे जात नाही. २००८ साली जर्मनीत दहा धावकांच्या मेंदूंची छायाचित्रं काढली, तेव्हा दोन तासांच्या धावण्यानंतर मेंदूच्या आतही अफूसदृश रसायनं सुटत असल्याचं दिसलं, म्हणून एंडॉर्फिनला पूर्ण बाद करता येत नाही. पण मग आला २०२१चा प्रयोग. ६३ जणांना ४५ मिनिटं धावायला लावलं. त्यांना नाल्ट्रेक्सोन किंवा नुसती साखरेची गोळी दिली होती. नाल्ट्रेक्सोन हे अफूच्या जातीच्या रसायनांचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ज्यांत ती किल्लीसारखी बसतात ती कुलपं, बंद करून टाकणारं औषध. एंडॉर्फिनची कुलपंच बंद असल्यावर आनंद जायला हवा होता. तो गेला नाही. ज्यांनी ते औषध घेतलं होतं त्यांनाही धावल्यावर तेवढंच बरं वाटलं.

मग बरं वाटवणारं कोण? इथे गांजा गोष्टीत येतो.

गांजातला टीएचसी हा रेणू राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ साली शुद्ध रूपात वेगळा केला. तो ज्या कुलपात बसतो ते कुलूप, म्हणजे सीबी-१ हा रिसेप्टर, १९९० साली ओळखला गेला. एका झाडातल्या रसायनासाठी आपल्या मेंदूत मुद्दाम बनवलेली कुलपं असतील, हे पटण्यासारखं नाही. शरीराची स्वतःची एखादी किल्ली असणारच. ती १९९२ साली सापडली, डुकराच्या मेंदूत. मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेने तिचं नाव ठेवलं ॲनंडामाइड, आपल्या 'आनंद' या शब्दावरून. हे नाव वाचून 'आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं' म्हणणारे भेटतात. शब्द आपला, पण त्या रेणूचा शोध लागला तो जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत, कित्येक किलो ऊतक गाळून. शोधाचं श्रेय कष्ट करणाऱ्यांनाच द्यावं.

२००३ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये तरुणांना ट्रेडमिलवर आणि सायकलवर मध्यम जोराचा व्यायाम करायला लावला, तेव्हा रक्तातलं ॲनंडामाइड वाढलेलं दिसलं. ॲनंडामाइड हा मेदासारखा छोटा रेणू. एंडॉर्फिनला अडवणारी गाळणी तो सहज ओलांडतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. दोन चेतापेशींच्या मध्ये एक बारीक फट असते. पहिली पेशी तिच्यात रसायन सोडते, दुसरी ते झेलते. निरोप नेहमी पहिलीकडून दुसरीकडे जातो, हे आपण शाळेत शिकलो. ॲनंडामाइड आणि त्याचं भावंड टू-एजी मात्र उलटे जातात. दुसऱ्या पेशीवर निरोपांचा फार मारा झाला की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. ते वाढताच ती स्वतःच्या पटलातल्या मेदातून त्याच क्षणी हे रेणू घडवते. एरवी चेतापेशी आपली रसायनं छोट्या पिशव्यांमध्ये आधीच भरून ठेवते. हे रेणू मात्र मेदात विरघळणारे, पिशवीत कोंडून राहणारे नव्हेत. म्हणून साठा नाही, गरज पडली की ताजे बनवायचे. मग ते फट ओलांडून उलटे पहिल्या पेशीवर जातात आणि तिच्यावरच्या सीबी-१ मध्ये बसतात. सीबी-१ आपल्याला जोडलेलं जी-प्रथिन, म्हणजे निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन, मोकळं सोडतो, त्यामुळे पहिल्या पेशीतली कॅल्शियमची दारं मिटू लागतात, आणि कॅल्शियम आत आल्याशिवाय तिच्या पिशव्या फुटत नाहीत. ती बोलायची थांबते. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला 'पुरे, कळलं' म्हणण्याची ही सोय. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी ही उलटी वाट दाखवून दिली.

गंमत पुढे आहे. जिला गप्प केलं ती पहिली पेशी कोणत्या जातीची होती, यावर सगळं ठरतं. ती ग्लूटामेट सोडणारी, म्हणजे उत्तेजित करणारी असेल, तर परिणाम शांतवणारा. ती गाबा सोडणारी, म्हणजे स्वतःच ब्रेक लावणारी असेल, तर ब्रेकलाच ब्रेक लागतो आणि पुढचं जाळं मोकळं सुटतं. दोन्ही जातींच्या पेशींवर सीबी-१ असतात. त्यामुळे 'सीबी-१ चालू झाला म्हणजे मेंदू शांत झाला' असं समीकरण मांडताच येत नाही. २०१५ साली जर्मन संशोधकांनी चाकात धावणाऱ्या उंदरांवर हेच तपासलं. धावल्यावर उंदरांची भीती कमी व्हायची आणि वेदनाही कमी जाणवायची. भीती कमी होण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागातल्या गाबा पेशींवरचे सीबी-१ शाबूत असावे लागत होते. वेदना कमी होण्यासाठी मात्र मेंदूबाहेरचे, शरीरभर पसरलेले सीबी-१ आणि त्याच जातीचे दुसरे रिसेप्टर, सीबी-२, कामाला येत होते. एकाच धावण्याचे दोन परिणाम, दोन वेगळ्या जागी घडलेले.

काम झालं की एफएएएच नावाचं विकर (एन्झाइम) ॲनंडामाइड काही मिनिटांत तोडून टाकतं. हवं तिथे, हवं तेवढं, आणि लगेच पुसलेलं.

टीएचसी याच कुलपांत बसतो, पण त्याला हा पत्ता माहीत नसतो. कोणत्या फटीत आत्ता मारा जास्त झालाय याची चौकशी न करता तो सगळीकडे एकदम पोचतो, आणि तो तोडायला ते चपळ विकर उपयोगाचं नसतं, म्हणून तासन् तास राहतो. शेजाऱ्याचा रेडिओ मोठा झाला तर भिंतीवर टकटक करणं वेगळं आणि अख्ख्या वस्तीचा वीजपुरवठा निम्म्यावर आणणं वेगळं. थोड्या टीएचसीने हलकं वाटणारा माणूस जास्त टीएचसीने घाबराघुबरा का होतो, याचं निदान थोडं उत्तर ग्लूटामेट आणि गाबाच्या या ओढाताणीत आहे.

सीबी-१ सर्वांत दाट कुठे असतात, हे पाहिलं की व्यायामाआधी गांजा घेण्याचा बाकीचा हिशेब सोपा होतो. अनुमस्तिष्क, जे तोल सांभाळतं. तळगंडिका, ज्या हालचालींची सुरुवात आणि वेळ जुळवतात. आणि आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस. तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि वेळेचं भान, तिन्ही ढिले पडतात. ट्रेडमिलवर कठड्याला धरून धावणाऱ्याला हे परवडेल. वजन डोक्यावर उचलणाऱ्याला, भिंत चढणाऱ्याला, रहदारीत सायकल चालवणाऱ्याला परवडणार नाही.

मग हृदय. गांजा ओढल्यावर काही मिनिटांतच नाडीचे ठोके मिनिटाला २० ते ५०ने वाढतात आणि दोन-तीन तास चढेच राहतात. व्यायामात आपण खर्च करतो ती विश्रांतीच्या ठोक्यांपासून कमाल ठोक्यांपर्यंतची जागा. त्यातली बरीच जागा पहिलं पाऊल टाकण्याआधीच भरून गेलेली असते. १९८६च्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना पार थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. गांजा ओढल्यावर त्यांचा सरासरी वेळ १६.१ मिनिटांवरून १५.१ मिनिटांवर आला. निरोगी माणसाला एका मिनिटाचा तोटा. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद असलेल्यांची गोष्ट मात्र गंभीर आहे. १९७४ साली अशा दहा रुग्णांवर पाहिलं, तर एक गांजाची सिगारेट ओढल्यावर व्यायाम करताना छातीत दुखू लागण्यापर्यंतचा वेळ ४८ टक्क्यांनी घटला. टीएचसी काढून टाकलेली सिगारेट ओढल्यावर घट होती ९ टक्के. ते ९ टक्के प्रामुख्याने धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचे मानता येतील, कारण तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. बाकीचा वाटा टीएचसीचा. म्हणजे धूर टाळून बाष्प घेतलं किंवा खाल्लं तरी हृदयावरचा हा भार टळत नाही. आणि खाल्लेला गांजा अर्ध्या तासाने चढेल की दोन तासांनी, याचा नेम नसतो. व्यायाम संपत आला असताना तो अचानक जाणवू शकतो.

'दम वाढतो' हा दावा कुठून आला, तेही सांगायला हवं, कारण त्यात एक खरा कण आहे. टीएचसीने श्वासनलिका थोडा वेळ रुंदावतात. पण निरोगी माणसाचा दम श्वासनलिकेच्या रुंदीपाशी अडत नाही. तो अडतो हृदय मिनिटाला किती रक्त ढकलू शकतं आणि स्नायू त्यातला किती प्राणवायू वापरू शकतात यापाशी. रोज ओढणाऱ्यांना पुढे खोकला आणि कफ लागतो तो वेगळाच.

व्यायामानंतर घेणाऱ्यांचं म्हणणं असतं, अंग कमी दुखतं आणि झोप चांगली लागते. झोप लवकर लागते हे खरं. पण टीएचसीने स्वप्नांची झोप घटते आणि रोजच्या सवयीने लवकर झोप लागण्याचा फायदाही झिजत जातो. सीबीडीने स्नायू लवकर सावरतात याला आजवरचा पुरावा कच्चाच आहे, जाहिराती मात्र पक्क्या खात्रीने बोलतात. २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. आणखी एक धोका: व्यायाम थांबताच रक्त पायांत साठतं, रक्तदाब खाली येतो. टीएचसीही रक्तवाहिन्या सैल करतो. दोन्ही एकत्र आले की उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं स्वाभाविक आहे.

रोज घेणाऱ्यांच्या मेंदूत आणखी एक बदल होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलात सीबी-१ सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले. चार आठवडे बंद ठेवल्यावर ते पूर्ववत झाले. धावण्याचा आनंद ज्या कुलपांतून येतो तीच कुलपं कमी झाली, तर गांजाशिवायचं धावणं फिकं वाटू लागेल, ही शंका मला रास्त वाटते.

खेळाडूंमध्ये अजून एक समजूत पक्की आहे: चाचणीआधी घाम गाळला की गांजा अंगातून निघून जातो. 'डिटॉक्स'च्या नावाखाली पेयंही विकली जातात. टीएचसी मेदात विरघळतो आणि चरबीत आठवडेच्या आठवडे मुरून राहतो. त्याचे अवशेष बाहेर पडतात ते मुख्यतः विष्ठेतून, मग लघवीतून. घामाचा त्यात वाटा नगण्य. उलट व्यायामात चरबी वितळते तेव्हा तिच्यात मुरलेला टीएचसी रक्तात परत येतो. सिडनीच्या संशोधकांनी २०१३ साली १४ नियमित वापरकर्त्यांना ३५ मिनिटं सायकल चालवायला लावली, तर रक्तातला टीएचसी थोडा वाढलेला सापडला, आणि ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त त्यांच्यात वाढही जास्त. नशा चढण्याइतकी ही वाढ नव्हती, पण घाम गाळून स्वच्छ होण्याची कल्पना उलटी ठरायला ती पुरेशी आहे.

स्पर्धेच्या काळात टीएचसीवर बंदी आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा'ने २०१३ साली लघवीतली मर्यादा मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमवरून १५० वर नेली आणि २०१८ पासून सीबीडी यादीतून काढलं. तरीही २०२१ साली अमेरिकेची धावपटू शाकारी रिचर्डसन हिने निवड चाचणीत १०० मीटर जिंकूनही, गांजामुळे तिच्यावर महिन्याची बंदी आली आणि तिचं टोकियो ऑलिंपिक हुकलं. गांजाने ती वेगवान झाली असं म्हणायला मात्र काहीही आधार नाही.

शेवटी पुन्हा माझ्या आवडत्या रेणूकडे. २०१२ साली अमेरिकी संशोधक डेव्हिड रायक्लेन आणि सहकाऱ्यांनी माणूस, कुत्रा आणि फेरेट (लांबट अंगाचा, आखूड पायांचा एक छोटा प्राणी) या तिघांना ट्रेडमिलवर पळवलं. माणूस आणि कुत्रा लांब पल्ल्याचे धावणारे, फेरेट तसा नाही. माणसाच्या आणि कुत्र्याच्या रक्तात ॲनंडामाइड वाढलं, फेरेटच्या वाढलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी माणसांचा वेग बदलून पाहिला. सावकाश चालण्याने वाढ झाली नाही, ऊर फुटेस्तोवर धावण्यानेही झाली नाही. ती झाली मधल्या वेगात, कमाल ठोक्यांच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांवर, जिथे धाप लागलेली असते आणि तरी एखादं वाक्य बोलता येतं.